लहान मूल दया कोठे शिकते?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढे गावोगाव अशा माला निघाल्या. आपल्या गावातही उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक जेवणखाण लवकर आटोपून येथे सतरंजीवर येऊन बसतात, ही फार चांगली गोष्ट आहे. या व्यासपीठावरून प्राध्यापक बोलतात, वकील बोलतात, डॉक्टर बोलतात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे सारे युनियनच्या कचेरीतील कपाटातून आणि गावच्या वाचनालयातून. ‘मी’ म्हणण्याची सवय कामगार चळवळीत लवकर मोडते, म्हणून आम्ही येथेही ‘आम्ही’ असेच बोलणार. त्यात मोठेपणा आहे असे कृपा करून कोणी समजू नये.

चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा होती. विषय ऐकून ते क्षणभर गप्प झाले. युनियनच्या माणसाने दयेवर बोलावे, हे त्यांना विपरीत वाटले असावे. त्यात त्यांचा दोष नाही. आमच्या चळवळीत ‘दया’ हा शब्द तसा बदनाम आहे. बोनस मागितला की मिठाईचा पुडा पुढे येतो, आणि पगारी रजा मागितली की ‘तुमच्यावर आमची मेहेरनजर आहेच’ असे उत्तर मिळते. हक्काच्या जागी दया आणून ठेवली की हक्क मागणारा कृतघ्न ठरतो. म्हणून आमचे लोक म्हणतात, आम्हांला दया नको, न्याय हवा. ते म्हणणे खरे आहे. पण ते म्हणणे मोठ्या माणसांच्या व्यवहारापुरते खरे आहे. न्याय ज्याला हवासा वाटेल असा माणूस मुळात घडतो कसा, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आपल्या मराठीत यासाठी दोन शब्द आहेत आणि ते नीट वेगळे ठेवले पाहिजेत. एक कींव, दुसरा कणव. कींव करणारा ओट्यावर उभा असतो आणि ज्याची कींव करायची तो खाली अंगणात. कणवेला ओटा नसतो. दुसऱ्याच्या पायात काटा मोडला आणि आपल्या तोंडून ‘आई गं’ निघाले, ती कणव. आज आम्ही दया हा शब्द या दुसऱ्या अर्थाने वापरणार आहोत.

आता पहिला प्रश्न असा की, ही कणव मुलाला शिकवावी लागते काय? पुष्कळ लोकांची समजूत अशी की, मूल जन्मतः आपमतलबी असते आणि मारून-मुटकून त्याला माणसाळावे लागते. पण जर्मनीतील लायपझिग शहरी वार्नेकेन आणि टोमासेलो या दोघा संशोधकांनी या समजुतीची परीक्षा घेतली आणि २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अठरा महिन्यांची चोवीस मुले त्यांनी घेतली. एक परका माणूस दोरीवर कपडे वाळत घालीत आहे, त्याच्या हातून चिमटा खाली पडतो आणि त्याचा हात तेथवर पोचत नाही. किंवा हातात पुस्तकांचा ढीग घेऊन तो कपाटाशी येतो आणि त्याला दार उघडता येत नाही. मुलांना कोणी काही सांगितले नव्हते. तरी चोविसांपैकी बावीस मुलांनी निदान एकदा तरी उठून त्याला मदत केली. आणि गंमत अशी की, त्या माणसाने चिमटा मुद्दाम टाकला तर मुले सहसा जागची हलत नसत. म्हणजे ज्याला धड बोलताही येत नाही त्या पोराला खरी अडचण कोणती एवढे कळते.

आपल्या आया-आज्यांना हे सांगायला लायपझिगला जावे लागत नाही. आई भाकरी थापायला बसली की रांगते पोर परातीशी येते, तवा पुढे सरकवू पाहते, पिठात हात घालते. त्याला मदत करायची असते. आपण म्हणतो, ‘मधे मधे करू नकोस.’ चार वर्षे आपण हे ऐकवतो, आणि पोर दहा वर्षांचे झाले की तक्रार करतो की कामाला हात लावीत नाही.

याच संशोधकांनी २००८ साली आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती आम्हांला फार महत्त्वाची वाटते. वीस महिन्यांच्या काही मुलांना त्यांनी मदतीबद्दल दर वेळी खेळण्यासारखी वस्तू बक्षीस दिली, काहींची नुसती वाहवा केली आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे बक्षीस बंद झाल्यावर पाहिले, तर ज्यांना वस्तू मिळाली होती त्या मुलांची मदत कमी झाली होती. बाकीच्यांची तशी झाली नाही. श्रोतेहो, आमचे सारे आयुष्य कामाचा मोबदला मागण्यात गेले. बिनपैशाचे काम कोणी करू नये, असे आम्ही दारोदार सांगत आलो. पण घरातली माया ही नोकरी नव्हे. आजोबांचा चष्मा आणून दिला म्हणून चॉकलेट, धाकट्या बहिणीला खेळवले म्हणून पाच रुपये, असा दर एकदा ठरला की पोर दर पाहून मग उठते. कारखान्यात मजुरी चुकवणे हे जितके वाईट, तितकेच घरात मजुरी सुरू करणे वाईट.

तेव्हा बीज मुलात असते. ते वाढते कशाने आणि करपते कशाने, हे पाहिले पाहिजे. आमच्या मते ते वाढते रोजच्या कृत्यांनी. उपदेशाने फारसे नाही.

विडी कामगारांच्या वस्तीत आमचे पुष्कळ जाणे-येणे. तेथे बाई मांडीवर सूप घेऊन बसते. सुपात तेंदूची कापलेली पाने, तंबाखू आणि दोऱ्याचे रीळ. हजार विड्यांवर मजुरी मिळते, आणि हजार भरायला दिवस मोडतो. एका घरी बाई तापाने फणफणली होती आणि तिच्या विड्या शंभर-दीडशेने कमी पडत होत्या. शेजारची बाई आली, आपल्या सुपातल्या चार जुड्या तिच्या सुपात ठेवल्या, ‘उद्या बघू’ म्हणाली आणि गेली. आभार नाहीत, भाषण नाही. दाराशी तापकरी बाईची पाच-सहा वर्षांची मुलगी बसली होती. तिने ते पाहिले. थोड्या वेळाने ती उठली, घरातली तांब्या-भांडी घेतली आणि शेजारणीला पाणी नेऊन दिले. कोणी तिला जा म्हटले नव्हते. आम्ही मूल्यशिक्षणावरची पुस्तके वाचली आहेत, पण इतका चांगला पाठ त्यांत सापडला नाही.

मात्र ज्या वाटेने दया शिकली जाते, त्याच वाटेने तिच्या उलटही शिकले जाते. दाराशी कचरा नेणारी बाई येते. मे महिन्याचे ऊन असते. ती पाणी मागते. घरातली बाई पाणी देते. पण कोणत्या पेल्यात देते? पुष्कळ घरांतून, बोलायला नको, पण खिडकीत एक वेगळा पेला असतो. मूल आईच्या पदराशी उभे असते. पाणी दिले हे ते पाहते आणि पेला वेगळा काढला हेही पाहते. दयेचा आणि भेदाचा असे दोन धडे ते एकाच वेळी गिरवते, आणि त्यांतला दुसरा अधिक पक्का बसतो, कारण तो कोणी उच्चारीत नाही. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. त्याला दीडशे वर्षे उलटून गेली. हौद खुला झाला, पण खिडकीतला पेला अजून कोठे कोठे तसाच आहे.

भाषेचेही असेच. आपल्या मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत सगळा समाज मावतो. बँकेतले साहेब ‘तुम्ही’ आणि पांढऱ्या केसांचा हमाल ‘तू’. ‘ए रिक्षा’, ‘ए भाजीवाली’ असे आपण माणसाला त्याच्या वस्तूच्या नावाने हाक मारतो. मुलाला ‘सर्वांशी प्रेमाने वाग’ असे शंभर वेळा सांगण्यापेक्षा कचरा नेणाऱ्या बाईला त्याच्यादेखत ‘मावशी, बसा जरा’ असे एकदा म्हणावे. ते पुरते.

आता चित्रांकडे वळू. कोणी म्हणेल, रोजच्या कृत्यांनी मूल शिकते तर मग पुस्तक कशाला? याचे उत्तर असे की, घरातले कृत्य क्षणात होऊन जाते. शेजारीण आली, जुड्या ठेवल्या, गेली. मूल दुसरीकडे पाहत असले तर धडा हुकला. चित्र मात्र थांबून राहते. मूल त्यावर बोट ठेवते, पान उलटून परत मागे येते आणि विचारते, ‘हा का रडतोय?’ दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे इतका वेळ टक लावून पाहण्याची मुभा त्याला खऱ्या जगात मिळत नाही. आणि ‘हा का रडतोय’ हा प्रश्न म्हणजे कणवेचे पहिले अक्षर आहे.

चित्र दाखवून गोष्ट सांगण्याची विद्या आपल्याकडे परकी नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गावचे ठाकर कलावंत चित्रकथी सांगत आले. सुटी चित्रे एकामागून एक पुढे धरायची आणि गोष्ट गात न्यायची; त्या चित्रांच्या गठ्ठ्यालाही ते पोथीच म्हणतात. ही कला जिवंत ठेवल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आणि घरोघरीच्या भिंती आठवा. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, तहानलेल्या गाढवाला कावडीतली गंगा पाजणारे एकनाथ, ही चित्रे आमच्या चाळीत कॅलेंडरवर टांगलेली असत. ज्यांच्या घरी एक पुस्तक नव्हते त्यांच्या घरी हे एक पान होते. नामदेवांची कथा इतिहासात घडली की नाही, हे पंडितांनी पाहावे. वाटी घेऊन धावणारा माणूस पोरांच्या डोळ्यांत घडला, एवढे आम्हांला पुरे आहे.

युरोपात कोमेनियस नावाच्या थोर शिक्षकाने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी चित्रांचे पाठ्यपुस्तक छापले. आपल्या देशात व्यंगचित्रकार शंकर यांनी १९५७ साली दिल्लीत चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट काढला. नॅशनल बुक ट्रस्टही त्याच सालचा. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. मराठीत माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहून आणि स्वतः चित्रे काढून जी पुस्तके केली, ती अवश्य पाहावीत. ‘राधाचं घर’ घ्या. त्यात राजा नाही, राक्षस नाही, शेवटी तात्पर्य नाही. घरातली माणसे आणि त्यांचे रोजचे वागणे, एवढेच. आम्हांला नेमके हेच हवे आहे, कारण मुलाला ते आपल्या घराशी ताडून पाहता येते.

चित्रपुस्तकाचा आणखी एक गुण आहे, आणि तो विद्वानांच्या सहसा ध्यानात येत नाही. ज्या आईला वाचता येत नाही तीसुद्धा मुलाला मांडीवर घेऊन चित्रपुस्तक ‘वाचू’ शकते. अक्षरांच्या पुस्तकापुढे ती बिचकते. मूल शाळेत जाऊ लागले की तीच मागे पडते आणि पोराला आईची लाज वाटू लागते. चित्रापुढे मात्र दोघे सारखे. उलट, रडणारे पोर का रडते हे आईला अधिक कळते. ज्या देशात कोट्यवधी आया अक्षराविना राहिल्या, तेथे या गुणाची किंमत मोठी आहे.

पण चित्रपुस्तक म्हटले की सगळे चांगलेच, असेही नाही. पुष्कळ पुस्तकांत गरीब मूल फक्त घेण्यासाठी येते. बंगल्यातला मुलगा त्याला जुना सदरा देतो, ते हसते आणि पुस्तक संपते. त्या गरीब पोराला नाव नाही, खोड्या नाहीत, मित्र नाहीत. असे पुस्तक वाचून बंगल्यातले मूल ओट्यावर चढते आणि वस्तीतले मूल मान खाली घालते. दोघेही कणव शिकत नाहीत. पुस्तक निवडताना एवढेच पाहावे की, ज्याला मदत मिळते तोही कधी कोणाला मदत करतो काय? करीत असेल तर पुस्तक घ्यावे.

ही गोष्ट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कामातून दाखवली. १९४५ साली बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांत बालशिक्षणाचे काम केले. मुले गुरे राखायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. शाळेत येत नाही म्हणून पोराला दोष न देता, ते का येत नाही हे पाहून आपणच उठून जावे, यात दया आहे आणि अक्कलही आहे. अंगणात भरणाऱ्या बालवाडीची त्यांची कल्पना पुढे देशभर परिचित झाली. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द खेडोपाडी पोचला.

आता आमच्या मित्रांची एक शंका घेऊ. ते म्हणतात, मुलांना इतके हळवे करून ठेवाल तर उद्या लढायचे कोणी? शंका गंभीर आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीची मोळी खाली पडते आणि आई श्यामला ती तिच्या डोक्यावर उचलून द्यायला सांगते, असा त्यात प्रसंग आहे. श्याम म्हणजे बऱ्याच अंशी गुरुजी स्वतःच. पुस्तक हळवे आहे, असे म्हणणारे म्हणोत. पण तेच गुरुजी खानदेशात शेतकरी-कामगारांत उभे राहिले, अनेकदा तुरुंगात गेले, आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले आणि ते खुले झाले. मोळीला लावलेला हात आणि मंदिराच्या दाराला लावलेला हात एकाच माणसाचा होता.

युनियनचेही मूळ येथेच आहे. आपला पगार कापला म्हणून जो चिडतो तो तक्रारदार. शेजारच्या खात्यातल्याचा कापला म्हणून जो झोपत नाही तो संघटक. ही दुसऱ्याची कळ आपल्याला लागणे कोणत्याही कायद्याने शिकवता येत नाही. ते पाच-सहा वर्षांच्या आत दाराशी बसून शिकले जाते.

पण उलट बाजूही तितकीच खरी. १८८१ च्या कारखाने कायद्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीत घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपर्यंत कामाला जुंपण्याची मोकळीक राहिली. सात वर्षांचे पोर, नऊ तास! त्याच्या हाती चित्रपुस्तक कोण देणार? नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना जमवले, अर्ज केले, सभा घेतल्या, तेव्हा १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. १९४८ च्या कायद्यात चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात मज्जाव झाला आणि पन्नासाहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघराची सक्ती आली. मालकाच्या मनात दया येण्याची वाट पाहत बसलो असतो तर हे झाले नसते. आईच्या मांडीला वेळ मिळावा लागतो आणि तो वेळ मागून, भांडून मिळवावा लागतो. आजही बारा-बारा तास पहारा देणारा रखवालदार आणि रात्री अकराला घरोघर जेवणाचे डबे पोचवणारा तरुण यांची मुले बाप घरी येण्याआधी झोपलेली असतात. त्या बापाला ‘मुलाला गोष्ट सांगत जा’ असा उपदेश करणे ही निर्दयता आहे. त्याचे तास कमी करण्याच्या मागणीवर सही करणे ही दया आहे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. मूल मदतीला आले तर काम थोडे बिघडू द्यावे, पण त्याला हाकलू नये. आणि त्या मदतीचा दर ठरवू नये. दाराशी येणाऱ्या कष्टकऱ्याला आपल्याच पेल्यातून पाणी द्यावे आणि ‘अहो’ म्हणावे. आणि चित्रपुस्तक मुलाच्या हाती नुसते टाकून न देता, त्याला मांडीवर घेऊन उलटावे. ते जेथे थांबेल तेथे आपणही थांबावे, आणि शेवटी तात्पर्य विचारू नये.

एक काम या गावाचेही आहे. आमच्या वाचनालयात कादंबऱ्यांची कपाटे चार आहेत आणि मुलांसाठी एक खालचा खण आहे, त्यालाही बहुधा कुलूप असते. पोरे पुस्तके फाडतात म्हणून. फाटू द्यावीत. फाटलेले पुस्तक कोणीतरी हाताळलेले असते. वाचनालयाच्या चालकांना आमची विनंती आहे की, आठवड्यातून एक दुपार ती पुस्तके पेटीत भरून विडी कामगारांच्या वस्तीत न्यावीत. पेटी उचलायला आमच्या युनियनची माणसे येतील. वर्गणी मागू नये, अनामत मागू नये. पहिल्या महिन्यात दहा पुस्तके हरवली तर त्यांची किंमत आम्ही भरू.